पहिला कंटेनर मागवताना: मालाइतकेच दिवसही मोजा

परदेशातून कंटेनर मागवायचा म्हटलं की नवख्या माणसाला भीती वाटते ती समुद्राची. जहाज बुडालं तर? वादळात डबा पाण्यात पडला तर? माझा पहिला कंटेनर समुद्रातून अगदी सुखरूप आला. आठव्या दिवशी जहाज बंदराला लागलं. माल सोडवायला लागणारा कागद मात्र कुरियरने माझ्या हाती पडला एकोणिसाव्या दिवशी. मधल्या दिवसांचं भाडं भरताना लक्षात आलं, की माल समुद्रावर क्वचितच अडतो. अडतो तो कागदावर आणि तारखांवर. त्यामुळे हा लेख वाचताना प्रत्येक पायरीवर एकच बघा: इथे दिवस कुठे जातोय, आणि तो आधीच कसा वाचवता येईल.

कराचे दर, परवाने, आयातदार म्हणून करायची नोंदणी या गोष्टी देशागणिक बदलतात. त्या तुमच्या कस्टम्स एजंटकडून समजून घ्या, आणि नोंदणी ऑर्डर देण्याआधी हातात असू द्या. बाकीचं कुठल्याही बंदरात लागू पडेल असं.

डबा आधी कागदावर भरा

वीस फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.३९ मीटर उंच असतो. गुणाकार केला तर ३३ घनमीटर, म्हणजे धंद्याच्या बोलीत ३३ सीबीएम. प्रत्यक्षात खोकी भरताना २७-२८ सीबीएम बसले तरी पुष्कळ. चाळीस फुटी हाय क्यूब, म्हणजे नेहमीपेक्षा उंच डबा, ७६ सीबीएमचा, त्यात हिशेबाला ६६ ते ६८ धरा. खोक्यांच्या मापात आणि डब्याच्या मापात कायम थोडी फट उरते. शिवाय दाराची चौकट आतल्या उंचीपेक्षा दहा-अकरा सेंटीमीटरने कमी असते. उंच यंत्र मागवणाऱ्यांची फसगत नेमकी या चौकटीत होते.

एक उदाहरण घेऊ आणि तेच पुढे चालवू. चिनी मातीचे मग. एका खोक्यात ३६, खोक्याचं माप ४६ × ३४ × ३२ सेंटीमीटर, वजन १५ किलो. एक खोकं ०.०५ सीबीएमचं झालं. वीस फुटीत २८ सीबीएम धरले तर ५६० खोकी, २०,१६० मग, वजन ८.४ टन. म्हणजे इथे डबा जागेने भरला, वजनाने नाही. फरशा किंवा लोखंडी सामान असेल तर उलट होतं: डबा अर्धाही दिसत नाही आणि वजनाची मर्यादा संपते. कंटेनरवर कमाल एकूण वजन बहुधा ३०,४८० किलो छापलेलं असतं. पण रस्त्यावरची मर्यादा त्याहून कमी असू शकते आणि ट्रक अडतो तो रस्त्यावरच. पॅलेटवर माल हवा असेल तर १.२ × १ मीटरची जेमतेम दहा पॅलेट वीस फुटीत बसतात, आणि सीबीएमचा वरचा हिशेब मोडतो.

आता खर्च. समजा मालाची किंमत १००. जहाजाचं भाडं १५, विमा अर्धा. झाले ११५.५. पुष्कळ देशांत आयात शुल्क या बेरजेवर लागतं. १० टक्के धरलं तर ११.५५. बंदरावरचे आणि एजंटचे खर्च ६, गोदामापर्यंतची वाहतूक ५, फुटतूट २. एकूण १४० च्या आसपास. याला लँडेड कॉस्ट म्हणतात, आणि विक्रीचा भाव यावरून ठरवायचा. कारखान्याच्या भावावरून नाही.

आता तोच डबा अर्धा भरून आणा. भाडं, बंदर आणि वाहतूक तेवढीच राहते, पण मालावर दुप्पट पडते. १०० च्या मालावर भाडं ३०, बंदर १२, वाहतूक १०. भाडं वाढल्यामुळे शुल्कही १३ वर जातं. बेरीज १६७ च्या पुढे. एकच माल, एकच कारखाना, फरक फक्त रिकाम्या जागेचा. हा तक्ता स्वतःच्या आकड्यांनी एकदा मांडा आणि मग ऑर्डर द्यायची का ते ठरवा. विक्रीकरासारखा कर नंतर वळता होत असला तरी तो आधी भरावा लागतो. तेवढी रोकड काही महिने अडकते, हेही त्यात लिहा.

डबा भरेल एवढा माल नसेल तर एलसीएल, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर वाटून घेतलेला कंटेनर. यात भाडं सीबीएमवर किंवा टनावर, जे जास्त असेल त्यावर. एक-दोन सीबीएमला हा मार्ग उत्तम. साधारण १३ ते १५ सीबीएमच्या पुढे मात्र अख्खा वीस फुटी घेणं परवडायला लागतं. एलसीएलमध्ये माल दोन्ही टोकांच्या गोदामात जास्तीचा हाताळला जातो, दिवस वाढतात, आणि डब्यातल्या दुसऱ्या कुणाचे कागद अडले तर तुमचा मालही बसून राहू शकतो. फुटणारा माल मी एलसीएलने आणत नाही.

एचएस कोड: ऑर्डर देण्यापूर्वीचं काम

जगातल्या जवळपास सगळ्या व्यापारी मालाला जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या पद्धतीत सहा आकडी कोड आहे. १९८८ पासून ही पद्धत चालू आहे. पहिले दोन आकडे प्रकरणाचे, चार आकड्यांपर्यंत शीर्षक, सहा आकड्यांपर्यंत उपशीर्षक. सहाच्या पुढचे आकडे प्रत्येक देश आपापले लावतो. म्हणून पुरवठादाराने दिलेला आठ किंवा दहा आकडी कोड जसाच्या तसा उचलू नका. पहिले सहा पडताळा, पुढचे आपल्या देशाचे लावा.

मगचंच घ्या. पोर्सिलेनचा असेल तर ६९११. पोर्सिलेन नसलेल्या भाजक्या मातीचा असेल तर ६९१२. काचेचा असेल तर ७०१३. दिसायला सगळे मगच, पण दर वेगळा असू शकतो, काही देशांकडून येणाऱ्या मालावर अँटी-डम्पिंग शुल्क, म्हणजे फार स्वस्तात ओतल्या जाणाऱ्या मालावरचं जादा शुल्क, असू शकतं, आणि अन्नाला स्पर्श करणारी वस्तू असल्याने शिसं-कॅडमियमची चाचणी मागितली जाऊ शकते. हे सगळं डबा बंदरावर उभा असताना कळलं तर चाचणीच्या प्रत्येक दिवसाचं भाडं तुमच्या माथी.

कोडबद्दल शंका असेल तर कस्टम्सकडून आगाऊ निर्णय मागता येतो. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २०१७ मध्ये लागू झाला, त्यात ही सोय सदस्य देशांनी ठेवायची आहे. वेळ लागतो, पण दर वर्षी तोच माल आणणार असाल तर एकदा घ्यावा.

मूल्याबद्दलही एक. शुल्क लागतं ते खऱ्या व्यवहाराच्या किमतीवर. कारखान्याला तुम्ही साचा किंवा डिझाइन फुकट पुरवलं असेल, ब्रँडची रॉयल्टी वेगळी देत असाल, तर ती रक्कमही मूल्यात धरावी लागते. साच्याचे पैसे वेगळ्या इन्व्हॉइसवर दिले म्हणून ते सुटत नाहीत. आणि ‘इन्व्हॉइस कमी किमतीचं करून देतो’ असं पुरवठादार आपणहून म्हणाला तर नको म्हणा. दंड आयातदाराला होतो, आणि नुकसान झालं तर विम्याचा दावाही त्या खोट्या आकड्यावर येतो.

नमुना, करार, पैसे

नमुना मागवा, त्यावर सही-तारीख घाला, एक आपल्याकडे ठेवा आणि दुसरा तसाच सही केलेला कारखान्याकडे पाठवा. पुढे वाद झाला तर ‘रंग जरा फिका आहे’ हे शब्दांनी सिद्ध होत नाही. प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर, म्हणजे माल निघण्याआधीच्या कच्च्या बिलावर, वस्तूचं नेमकं वर्णन, खोक्याचं माप आणि वजन, कराराची अट आणि ठिकाण, उत्पादनाचे दिवस, पैसे देण्याचे टप्पे, आणि तपासणीत माल नापास झाला तर काय, एवढं तरी असावं.

३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के बिल ऑफ लेडिंगची (माल घेतल्याच्या शिपिंग लाइनच्या कागदाची) प्रत दाखवल्यावर, ही सर्वात रुळलेली पद्धत. रक्कम मोठी असेल तर लेटर ऑफ क्रेडिट (एलसी), म्हणजे ठरलेले कागद मिळाले की पैसे देण्याची बँकेची हमी. पण एलसीबद्दल एक गैरसमज आहे: बँक माल बघत नाही, फक्त कागद बघते. कागद बिनचूक असतील तर खोक्यात विटा असल्या तरी बँक पैसे देईल. म्हणून एलसीच्या कागदांच्या यादीत तटस्थ तपासणीचं प्रमाणपत्र घालून घ्यावं.

एक सवय आजच लावा. पुरवठादाराकडून ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ अशी मेल आली की पैसे पाठवू नका. आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून, ओळखीच्या माणसाशी बोलून खात्री करा. त्या मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे. मेल हॅक करून खातं बदलण्याचा हा डाव जुना आहे आणि अजून चालतो, कारण मेल अगदी नेहमीच्या भाषेत, नेमकी शेवटचा हप्ता द्यायच्या वेळी येते.

तीन अक्षरांची अट

खर्च आणि जोखीम कुठपर्यंत कुणाची हे तीन अक्षरांत सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय अटी म्हणजे इन्कोटर्म्स. इन्कोटर्म्स २०२० मध्ये एकूण अकरा अटी आहेत. नवख्याला चार-पाच पुरतात.

ईएक्सडब्ल्यू म्हणजे माल कारखान्याच्या दारात. भाव सगळ्यात कमी दिसतो, पण तिथल्या निर्यातीचे सोपस्कारही तुमच्यावर येतात, आणि परक्या देशात ते करणार कोण? पहिल्या वेळेला टाळा. डीडीपी म्हणजे शुल्कासकट तुमच्या दारात. सोपं वाटतं, पण आयातदार म्हणून कागदावर नाव कुणाचं, कोड कुठला लावला, हे तुमच्या हाती राहत नाही, आणि भरलेला कर तुम्हाला वळता न होण्याची शक्यता असते.

सीआयएफ म्हणजे भाडं आणि विमा विक्रेत्याचा. यातली मेख बघा. फॉरवर्डर, म्हणजे मालाची वाहतूक ठरवून देणारा एजंट, विक्रेत्याने निवडलेला असतो. तो विक्रेत्याला भाडं स्वस्त देतो आणि कसर तुमच्या बंदरावरच्या खर्चांत काढतो. एलसीएलमध्ये हे सर्रास चालतं. भाडं नावापुरतं, आणि इकडे डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडण्याचा आदेश) घ्यायला गेलात की लांबलचक बिल. तक्रार करायची सोय नाही, कारण तो एजंट तुम्ही नेमलेलाच नाही.

म्हणून मी एफओबी किंवा एफसीए पसंत करतो: निर्यातीपर्यंतचं विक्रेत्याने बघायचं, मुख्य भाडं माझ्या फॉरवर्डरशी मी ठरवायचं. एफओबीत विक्रेत्याची जबाबदारी माल जहाजावर चढल्यावर संपते, एफसीएत तो वाहतूकदाराच्या ताब्यात दिल्यावर. पुस्तकी नियम बघाल तर कंटेनरला एफसीएच योग्य, कारण डबा जहाजावर चढण्याआधी टर्मिनलवर ताब्यात दिला जातो. बाजारात मात्र सगळे एफओबीच म्हणतात. अट लिहिताना ठिकाणाचं नाव पुढे लिहायचंच. नुसतं ‘एफओबी’ लिहिलं की वाद ठरलेला.

फॉरवर्डरला काय विचारायचं

तीन जणांकडून भाव घ्या, पण तिघांनाही एकाच कागदावर तेच तपशील द्या: अट, निघायचं बंदर, पोचायचं गोदाम, सीबीएम, वजन, माल तयार होण्याची तारीख. आणि भाव ‘सगळं धरून’ मागा. नुसतं समुद्री भाडं बघून फॉरवर्डर निवडणं म्हणजे चपलेचा भाव एका पायाचा विचारण्यासारखं आहे. टर्मिनल हँडलिंग, कागदपत्रांची फी, डिलिव्हरी ऑर्डरची फी, इंधनाचा अधिभार, हंगामी अधिभार, हे सगळं मिळून कधी कधी भाड्याच्या तोडीचं होतं. भाव कुठल्या तारखेपर्यंत चालेल तेही लिहून घ्या.

आणि सर्वात महत्त्वाचा प्रश्न: फ्री डेज, म्हणजे डबा पोचल्यावर भाडं न लागणारे दिवस, किती? हे आधी मागितले तर मिळतात. बुकिंगच्या वेळी पाचाचे दहा किंवा चौदा दिवस करून देणं शिपिंग लाइनला जड नसतं. डबा बंदरावर आल्यावर मागाल तर कुणी दाद देत नाही.

जहाज थेट येणार की मध्ये एखाद्या बंदरावर डबा उतरवून दुसऱ्या जहाजावर चढणार, तेही विचारा. अशा मधल्या बंदरावर डबा आठवडाभर पडून राहणं नवीन नाही.

कारखान्यात माल तयार झाल्यावर

उत्पादन संपलेलं आणि निदान ८० टक्के माल पॅक झालेला, अशा वेळी तटस्थ संस्थेकडून तपासणी करून घ्या, आणि ती शेवटचे ७० टक्के देण्याआधी. पैसे दिल्यावर तपासणीला काही अर्थ उरत नाही. नमुना किती घ्यायचा हे आयएसओ २८५९ च्या तक्त्यावरून ठरतं. आपल्या २०,१६० मगांसाठी नेहमीच्या पातळीला ३१५ मग उघडून बघायचे. तक्त्यातली मोठ्या दोषाची मर्यादा २.५ ठेवली तर १४ सदोष मगांपर्यंत माल पास, १५ निघाले की नापास. म्हणजे काही तडकलेले मग येणारच, हे तुम्ही आधीच मान्य केलेलं असतं. ते नको असेल तर मर्यादा कडक करा, कारखाना भाव वाढवून सांगेल.

डबा भरताना माणूस उभा ठेवता आला तर उत्तम, नाही तर फोटो मागा: रिकामा डबा, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला, बंद दार, सील. रिकाम्या डब्यात आत उभं राहून दार लावून घ्यायचं आणि वर बघायचं. कुठे टाचणीएवढा उजेड दिसला तर तिथून पाणी येणार. तो डबा परत पाठवायचा. जमीन ओली, तेलकट किंवा उग्र वासाची असेल तरीही.

लाकडी पॅलेट किंवा पेटी असेल तर त्यावर आयएसपीएम १५ चा शिक्का हवा, कणसाच्या चिन्हाचा. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलं, असा एचटी या अक्षरांचा अर्थ. शिक्का नसलेलं एक पॅलेट सापडलं तर अख्खा डबा धुरी द्यायला किंवा परत जायला उभा राहतो. प्लायवुडला हा नियम लागत नाही, म्हणून मी प्लायवुडचीच पॅलेट सांगतो.

समुद्रावर दिवसा डबा तापतो, रात्री गार होतो, आतल्या हवेतलं बाष्प छताला थेंबाथेंबाने लटकतं आणि खोक्यांवर पडतं. कंटेनरमधला पाऊस म्हणतात तो हा. कॅल्शियम क्लोराइडच्या ओलावा शोषणाऱ्या पिशव्या भिंतीला टांगून घ्या आणि वरच्या थरावर क्राफ्ट कागद पसरा. मालाच्या मानाने खर्च नगण्य.

भरलेल्या डब्याचं प्रमाणित वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय १ जुलै २०१६ पासून डबा जहाजावर चढवता येत नाही. हे काम निर्यातदाराचं, पण उशीर झाला तर डबा ‘रोल’ होतो, म्हणजे पुढच्या जहाजावर जातो. टर्मिनलची कट-ऑफ तारीख फॉरवर्डरकडून घेऊन पुरवठादाराला तुम्हीच कळवा. दोघं एकमेकांना सांगतील यावर विसंबू नका.

बिल ऑफ लेडिंग, आणि माझे अकरा दिवस

बिल ऑफ लेडिंग (बीएल) तीन कामं करतं. माल मिळाल्याची पावती, वाहतुकीच्या कराराचा पुरावा, आणि मालावरचा हक्क. तिसरं काम सगळ्यात नाजूक. मूळ बीएल बहुधा तीन प्रतींत निघतं आणि त्यातली एक सादर केल्याशिवाय शिपिंग लाइन डबा सोडत नाही. म्हणूनच पुरवठादार पूर्ण पैसे मिळेपर्यंत मूळ प्रती हातात ठेवतो. त्याचं बरोबरच आहे.

माझ्या वेळी काय झालं ते क्रमाने सांगतो. जहाज निघालं. चौथ्या दिवशी बीएलची स्कॅन प्रत आली. मी ती निवांत वाचली आणि सातव्या दिवशी पैसे पाठवले. पैसे पोचायला तीन दिवस. तिकडे सुट्टी लागून आली, कुरियर पंधराव्या दिवशी निघालं, एकोणिसाव्याला पोचलं. इकडे जहाज आठव्या दिवशीच लागलेलं. फ्री डेज पाच. म्हणजे तेराव्या दिवसापासून मीटर चालू, आणि कागद आल्यावर कस्टम्सचे दोन दिवस वेगळे. शिवाय दर सरळ नसतो. पहिल्या काही दिवसांनंतर तो चढत जातो. मी आकडा बघून दोनदा फोन केला, चूक झाली असेल म्हणून. चूक नव्हती.

उपाय साधा होता. छोट्या प्रवासाला टेलेक्स रिलीज सांगायचं: पैसे मिळाले की पुरवठादार मूळ प्रती निघण्याच्या बंदरावरच परत करतो, आणि लाइन इकडच्या कार्यालयाला डबा सोडायचा संदेश देते. कुरियरच नाही. जुना विश्वासू पुरवठादार असेल तर सी वेबिल त्याहून सोपं, त्यात मूळ प्रत लागतच नाही. एलसीचा व्यवहार असेल तर मात्र बँक मूळ प्रतीच मागेल, म्हणून तिथे फ्री डेज जास्त घ्या.

बीएल अंतिम होण्याआधी त्याचा मसुदा येतो. तो अक्षरन् अक्षर वाचा. कंपनीचं नाव नोंदणीत आहे तसंच, कंटेनर क्रमांक, सील क्रमांक, वजन, खोक्यांची संख्या. आणि हे सगळं इन्व्हॉइस व पॅकिंग लिस्टशी जुळलं पाहिजे. जहाज निघाल्यावर दुरुस्ती होते, पण पैसे आणि दिवस दोन्ही जातात. कंटेनर क्रमांक चार अक्षरं आणि सात आकड्यांचा असतो. शेवटचा, चौकटीतला आकडा हा आधीच्या अक्षरांवरून आणि आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे टाइप करताना एक अक्षर चुकलं तरी संगणक ते बहुतेक वेळा पकडतो. ही युक्ती मला फार आवडते.

खोक्यांची संख्या नेमकी लिहिण्याला आणखी एक कारण आहे. हेग-व्हिस्बी नियम, म्हणजे समुद्री वाहतुकीतल्या जबाबदारीचे आंतरराष्ट्रीय नियम, लागू असतील तर नुकसानीबद्दल लाइनची जबाबदारी दर नगाला ६६६.६७ एसडीआर किंवा दर किलोला २ एसडीआर, जे जास्त असेल तेवढीच. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी चलन. बीएलवर ‘५६० खोकी’ लिहिलं असेल तर नग ५६०. नुसतं ‘एक कंटेनर’ लिहिलं असेल तर नग एक.

विमा

सीआयएफमध्ये विक्रेत्याने काढायचा किमान विमा क्लॉज सीचा, म्हणजे सगळ्यात मर्यादित संरक्षणाचा, असतो. त्यात आग, जहाज बुडणं, टक्कर अशी मोठी संकटं येतात. चोरी येत नाही, पाण्याने माल भिजणंही नाही. स्वतःचा क्लॉज एचा, म्हणजे सगळ्यात व्यापक संरक्षणाचा, विमा काढा, सीआयएफ मूल्याच्या ११० टक्क्यांवर, गोदाम ते गोदाम. खराब पॅकिंग आणि उशीर यांची भरपाई क्लॉज एमध्येही मिळत नाही.

‘माझा माल स्वस्त आहे, विमा कशाला’ म्हणणाऱ्यांनी जनरल अॅव्हरेज समजून घ्यावं. जहाज वाचवायला मोठा खर्च किंवा त्याग करावा लागला तर तो जहाजमालक आणि सगळे मालधारक मूल्याच्या प्रमाणात वाटून घेतात. तुमचा माल धड असला तरी. मार्च २०१८ मध्ये अरबी समुद्रात ‘मर्स्क होनाम’ जहाजाला आग लागली, तेव्हा मालाच्या मूल्याच्या ४२.५ टक्के बचावकार्याची हमी आणि ११.५ टक्के जनरल अॅव्हरेजची ठेव मागितली गेली. दोन्ही मिळून ५४ टक्के. विमा असलेल्यांची हमी विमा कंपनीने दिली. नसलेल्यांना स्वतःचा माल सोडवायला अर्ध्याहून जास्त किंमत आधी मोजावी लागणार होती. २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’वरही जनरल अॅव्हरेज जाहीर झालं होतं.

जहाज वाटेत असताना

हे दिवस आरामाचे नाहीत. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल, उत्पत्ती प्रमाणपत्र आणि चाचणी अहवाल एजंटला आत्ताच द्या. पुष्कळ ठिकाणी जहाज लागण्याआधीच कस्टम्सची नोंद करता येते, आणि काही देशांत तर माल चढण्याच्या २४ तास आधी आगाऊ माहिती द्यावी लागते. शुल्काची रक्कम खात्यात तयार ठेवा.

पोचायच्या तारखेवर भिस्त ठेवून ग्राहकाला शब्द देऊ नका. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे आशिया-युरोप मार्गावरची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास दहा ते चौदा दिवसांनी वाढला. चीनमध्ये जानेवारी-फेब्रुवारीतल्या नववर्षाच्या सुट्टीत कारखाने दोन-तीन आठवडे बंद असतात, आणि त्याआधी जहाजांवर जागेची मारामारी असते. हंगामाचा माल असेल तर विक्रीच्या तारखेपासून मागे मोजत या, आणि मध्ये तीन आठवडे कशाच्याच नावावर न टाकता मोकळे सोडा.

बंदरावर

डिमरेज आणि डिटेन्शन यांची गल्लत होते. भरलेला डबा फ्री डेजनंतरही टर्मिनलवर पडून राहिला तर डिमरेज. तो बाहेर नेला पण रिकामा वेळेत परत केला नाही तर डिटेन्शन. टर्मिनलचं जागाभाडं कधी वेगळं असतं. तुमचे फ्री डेज दोन्ही मिळून आहेत की वेगवेगळे, हे बुकिंगच्या कागदावर बघा.

कस्टम्सने तपासणीसाठी डबा निवडला तर घाबरू नका, पण खर्च तुमचाच. अशा वेळी अचूक पॅकिंग लिस्टचा फायदा कळतो: कुठल्या क्रमांकाच्या खोक्यात काय हे लिहिलेलं असेल तर चार खोकी उघडून भागतं.

दार उघडताना

डबा गोदामाशी लागला की पहिलं काम फोटोचं. कंटेनर क्रमांक, बंद दार, आणि सीलचा क्रमांक वाचता येईल असा जवळून. सील हा जाड बोल्टसारखा असतो आणि लांब दांड्याच्या कटरशिवाय तुटत नाही. तो बीएलवरच्या क्रमांकाशी जुळवा. कस्टम्सने डबा उघडला असेल तर नवीन सील लावलेला असतो, त्याचा कागद एजंटकडे मागा. मगच तोडायचा.

आधी उजवं दार, तेही थोडंसं, आणि माणूस बाजूला उभा. वाटेत सरकलेली खोकी दाराला रेलून बसलेली असतात. उजवं दार एकदम उघडल्यावर वरच्या ओळीतलं पंधरा किलोचं खोकं थेट खाली आलेलं मी पाहिलंय. ट्रकवाल्याने वेळीच हात मागे घेतला म्हणून बरं. दार उघडल्यावर तसंच पुढे जाऊ नका, थोडा वेळ हवा खेळू द्या. आत धुरीचं औषध किंवा रंगाची वाफ कोंडलेली असू शकते. मग छताकडे बघा. गंजाचे ताजे ओघळ, खोक्यांच्या वरच्या बाजूला गोल डाग, खालच्या ओळीची बसलेली खोकी, जे दिसेल त्याचा माल हलवण्याआधी फोटो. नुकसान दिसलं तर डिलिव्हरीच्या कागदावर शेरा लिहा आणि त्याच दिवशी लाइनला आणि विमा कंपनीला लेखी कळवा. बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीसाठी हेग-व्हिस्बीत तीन दिवसांची नोटीस आहे. पंचनामा होईपर्यंत भिजलेली खोकी टाकून देऊ नका.

खोकी उतरवताना एकाने फक्त मोजायचं, उचलायचं नाही. दर थराला खूण. पाचशे साठची पाचशे अठ्ठावन्न झाली तर कुठल्या ओळीत चुकलं हे संध्याकाळी आठवत नाही. हमाल आधीच सांगून ठेवा. ट्रक थांबण्याचे ठरावीक तास संपले की त्याचंही भाडं लागतं.

डबा रिकामा झाला की झाडून घ्या. तुटक्या पॅलेटच्या फळ्या, चिकटपट्टी, ओलाव्याच्या पिशव्या आत राहिल्या तर साफसफाईचं बिल येतं. आतून चारही बाजूंचे फोटो काढा. रिकामा डबा कुठल्या डेपोत द्यायचा हे त्याच सकाळी पुन्हा विचारा, कारण डेपो भरला की लाइन जागा बदलते आणि ट्रक परत फिरतो. डेपोत डबा दिल्यावर ड्रायव्हरकडून इंटरचेंज रिसीट, म्हणजे डबा कुठल्या स्थितीत परत दिला याची पावती, घ्या. माझ्याकडे दोन महिन्यांनी एका डब्याच्या दाराच्या नुकसानीचं बिल आलं होतं. त्या रिसीटवर डेपोच्याच माणसाने ‘ठीक’ असं लिहून सही केलेली होती. तिचा फोटो पाठवला, बिल परत घेतलं गेलं.